तीनशे ढोल्यांची नक्कल

एका जंगलात, जिथे कुणालाच एका जागी दोन क्षण टेकायला वेळ नव्हता अशा एका जंगलात, एक सायाळ राहत होती. तिचं नाव कुमुद.

सायाळ म्हणजे काय, माहीत आहे ना मुलांनो? अंगभर लांब लांब काटे असलेला प्राणी. लोक म्हणतात, सायाळीचे काटे शत्रू आला की उभे राहतात. कुमुदचे काटे काळजीनं उभे राहायचे. सकाळी डोळा उघडला की उभे, ते रात्री झोपताना जरासे कलायचे. जरासेच.

कुमुदला एक पिल्लू होतं. त्याचं नाव बोरू. बोरूचे काटे अजून मऊ होते. प्रश्न मात्र आतापासूनच टोकदार होते.

आता या जंगलातल्या सगळ्याच आया कामाला जायच्या. कुणी कंदमुळं खणायला, कुणी चरायला, कुणी जे चरतात त्यांच्या मागे. मग पिल्लांना सांभाळणार कोण? म्हणून जंगलात एक पिलवाडी होती. जुन्या झाडांमध्ये आणि डोंगराच्या कपारीत मिळून तीनशे ढोल्या. प्रत्येक ढोलीत एक पिल्लू. सांभाळायला लांडोरी.

लांडोरी दिवसभर पिल्लांची अदलाबदल करायच्या. रडकं पिल्लू बाहेरच्या ढोलीत, झोपाळू आतल्या, चावरं जरा लांबच्या. त्यामुळे सकाळी पाचव्या ढोलीत ठेवलेलं पिल्लू दुपारी एकशे पाचव्यात सापडायचं. पिलवाडीत कुणी कुणाला खायचं नाही, असा करार होता. पण आईनं फक्त आपल्या पिल्लाच्याच ढोलीत तोंड घालायचं, अशीही एक अट होती. कारण बिबटिणीचं तोंड चुकून सशाच्या ढोलीत गेलं, तर ते कुठे थांबेल याची हमी करारातही नव्हती.

म्हणून पिलवाडीच्या दाराशी एक पाटी होती. ओल्या चिकणमातीची, भिंतीएवढी. तीनशे चौकटी. ज्या ढोलीत पिल्लू, त्या चौकटीत आईच्या पंज्याचा ठसा. पिल्लू हललं की जुना ठसा पुसायचा, नवा उमटवायचा. दिवसभर ठप् ठप् ठप् चालायचं. पाटी कधी शांत म्हणून नसायची.

या पाटीची राखण कुमुदकडे होती. ती शिकलेली होती. चौकटी तिनंच आपल्या काट्यानं आखल्या होत्या. आणि त्या सरळ आल्या आहेत का, हे ती रोज सकाळी पाहायची.

एक दिवस काय झालं, एका गव्याच्या पाठीला खाज सुटली. त्यानं पाटीच्या कोपऱ्याला पाठ घासली. अकरा चौकटी सपाट! ती अकरा पिल्लं शोधता शोधता संध्याकाळ झाली. एका हरिणीनं चुकीच्या ढोलीत तोंड घातलं आणि रानडुकराच्या पिल्लानं तिच्या नाकाचा चावा घेतला.

वाघमहाराजांनी सभा बोलावली. सभेला सल्लागार म्हणून धनेशराव आले. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. चोच इतकी मोठी की त्यातून लहान गोष्ट बाहेरच पडत नसे.

"महाराज, पाटीची नक्कल हवी," धनेशराव म्हणाले. "मूळ गेलं तरी नक्कल राहील."

"वा!" महाराज म्हणाले. "मग करा की."

कुमुदनं हळूच पंजा वर केला. "पण पाटी तर सारखी बदलते. नक्कल करता करता बदलली तर?"

"बदलायची नाही," धनेशराव म्हणाले. "सगळं जंगल थांबवायचं."

दुसऱ्या दिवशी शिंग वाजलं. शिंग वाजलं की प्रत्येकानं आहे तिथे, आहे तसं थांबायचं. बजाबा नावाचं माकड पळसाच्या पानांवर पाटी उतरवून घेणार. मग दुसरं शिंग.

जंगल थांबलं. गवा एक पाय उचलून थांबला. बिबटीण हरिणीवर झेप घेत होती. तिला हवेत कसं थांबायचं ते कळेना, म्हणून ती आधी पडली आणि मग थांबली. तिच्या नाकासमोर वीतभर अंतरावर हरिणी थांबलेली. हलायला मनाई होती, बोलायला नव्हती. बजाबाला उतरवायला अर्धा दिवस लागला. तेवढ्या वेळात दोघींनी एकमेकींचं माहेर विचारलं, बाळंतपणं सांगितली, सासवा सांगितल्या. पुढे आठ दिवस बिबटिणीला कुठलंच हरीण खाववेना.

ढोल्यांमध्ये तीनशे पिल्लं भुकेनं रडत होती. कुमुदचा एक पंजा पाटीवर आणि दुसरा हवेत होता. सतराव्या ढोलीतून बोरू ओरडत होता, "आई, तू खेळतेयस का? मला का नाही घेतलं?"

आणि महाराज? महाराजांना शिंग वाजलं त्याच क्षणी शिंक येत होती. अर्धा दिवस त्यांनी ती नाकात धरून ठेवली. राजाच तो! दुसरं शिंग वाजलं आणि शिंक सुटली. अर्ध्या दिवसाची मुरलेली वाघाची शिंक, मुलांनो! बजाबाच्या हातातली नक्कल पान पान होऊन उडाली आणि नदीपार गेली.

"हा उपाय तत्त्वतः यशस्वी झाला," धनेशराव म्हणाले.

मग ठरलं, जंगल थांबवायचं नाही. जंगल चालू, नक्कलही चालू. बजाबा एकपासून सुरू करून तीनशेपर्यंत उतरवत जाईल. आया ठप् ठप् करत राहतील.

संध्याकाळी नक्कल तयार झाली आणि भागाबाई अस्वलीण ती बघायला आली. बघितली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुमुद, हे बघ. तिसऱ्या ढोलीत माझा ठसा. चाळिसाव्या ढोलीतही माझाच ठसा."

"हो," कुमुद म्हणाली. "तुमचं बाळ सकाळी तिसऱ्यात होतं. बजाबानं ते उतरवलं. मग लांडोरीनं त्याला चाळिसाव्यात नेलं. बजाबा तिथे पोचला तेव्हा त्यानं परत उतरवलं."

"ते मला नको सांगू. नकलेप्रमाणे मला दोन आहेत. एक मिळालं. दुसरं कुठंय?"

"तुम्हाला एकच झालंय, भागाबाई."

"बाळंतीण कोण, तू का मी? महाराजांचा शिक्का आहे खाली! आणा माझं दुसरं!"

तिच्या मागे यमुना सशीण रडत उभी होती. तिचं पिल्लू उलटं, चाळिसाव्यातून तिसऱ्यात गेलं होतं. बजाबा तिसरी ढोली सोडून पुढे गेल्यावर ते तिथे आलं आणि बजाबा चाळिसाव्याला पोचायच्या आधी तिथून निघालेलं. नकलेत ते कुठेच नव्हतं.

"म्हणजे मला मूल झालंच नाही का गं?" यमुनेनं विचारलं. पिल्लू तिच्या काखेत होतं, तरी विचारलं.

धनेशरावांनी तिसरा उपाय काढला. मूळ पाटीशेजारी तशीच दुसरी पाटी. तिचं नाव जोडपाटी. आईनं उजवा पंजा पाटीवर आणि डावा जोडपाटीवर, एकाच वेळी, उमटवायचा. पुसायचं तरी दोन्हीकडे. पिलवाडीच्या दारावर नियम लिहिला: जे पाटीला, तेच जोडपाटीला.

सगळ्यांना उपाय फार आवडला. दिसायलाही छान होता. आया दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्यासारख्या ठप् ठप् करायच्या.

कुमुदला मात्र एक शंका आली. आपल्यालाच का येते, या शंकेसकट आली. "धनेशराव, कुणी चुकून पाटी पुसली तर?"

"तर जोडपाटीही तितक्याच तत्परतेनं पुसली जाईल. एकवाक्यता, बाई, एकवाक्यता!"

कुमुद घरी गेली. पण काटे काही खाली बसेनात. माहेरी चार दिवस जाऊन यावं तर मागे घर काही थांबलेलं नसतं, ती विचार करत होती. आपल्या डोक्यात जातानाचं घर असतं. मग नणंद सांगते, सोमवारी असं झालं, मंगळवारी तसं झालं, बुधवारी ते निस्तरलं. ते क्रमानं ऐकलं की डोक्यातलं घर आणि खरं घर पुन्हा जुळतं. मग पाटीचं तसंच का नाही?

पिलवाडीच्या वर एका फांदीवर कोतवाल पक्षी बसायचा. काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा. खाली जे घडेल ते मोठ्यानं बोलून दाखवायची त्याला खोडच होती, आणि एकदा बोललेलं तो कधी विसरत नसे. "सशीण आली! तीनमध्ये ठेवलं! लांडोर आली! तीनमधलं नव्वदात नेलं!" सगळे त्याला कंटाळले होते.

पुढच्या सभेत कुमुद उठली. "माझं चुकतही असेल. पण बजाबानं नक्कल चालत्या पाटीवरूनच करावी. चुकीची झाली तरी होऊ द्यावी. फक्त तो सुरू करेल तेव्हापासून कोतवाल काय काय बोलला, ते ओळीनं ऐकून घ्यावं. आणि नक्कल संपली की ते सगळे बदल त्याच क्रमानं तिच्यात करावेत. मग कुणाला दोन मुलं होणार नाहीत आणि कुणाचं हरवणार नाही."

कोतवालानं तर मान ताठ केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याचं बोलणं मागितलं होतं.

"मी हेच म्हणत होतो," धनेशराव म्हणाले. "फक्त मोठ्या शब्दांत."

झालं! योजना मंजूर झाली. बजाबा रोज नक्कल करायचा, लाल कापडात बांधायचा आणि फांदीवर एक हिरवं पान टांगायचा. हिरवं पान म्हणजे नक्कल झाली. महाराज गुहेतून हिरवं पान बघायचे आणि कूस बदलायचे. महाराजांचा हुकूमच होता, काही झालं तरी नकलेचं काम थांबता कामा नये.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना, मुलांनो? पण कुमुद कुमुद होती.

श्रावणात एक दिवस पाटीपुढे फार गर्दी होती. बोरू कुठल्या ढोलीत आहे ते तिला दिसेना. तिनं विचार केला, नकलेत बघू. तिनं लाल गाठोडं सोडलं. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. सगळी कोरी.

"बजाबा! यात काहीच नाही!"

"शाई संपली," बजाबा म्हणाला. जांभळाच्या रसाची शाई होती, आणि जांभळं आषाढातच संपली होती.

"मग तू रोज काय करतोस?"

"लिहितो की. थांबायचं नाही असा हुकूम आहे."

"अरे, पण उमटत नाही!"

"उमटवायचा हुकूम वेगळा काढावा लागेल, ताई."

कुमुद धावत धनेशरावांकडे गेली. धनेशराव उंबरं खात होते.

"पानं कोरी आहेत!"

"कोरी नाहीत, सुरक्षित आहेत," धनेशराव म्हणाले. "जे दिसतच नाही, ते बिघडणार कसं? आणि तुम्ही गाठोडं सोडलंत कशाला? नक्कल ही उघडून बघायची वस्तू नाही. हिरवं पान दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग!"

कुमुद परत आली. वाटेत तिला वाटलं, एवढे मोठे धनेशराव म्हणतात म्हणजे असेलही तसं. पाणी प्यायला थांबली तेव्हा वाटलं, नाही, कोरी ती कोरीच. घरी पोचेपर्यंत तिनं ठरवलं, आपण आपली एक नक्कल करायची. कुणाला सांगायचं नाही. हसतील.

तिनं बिब्बे गोळा केले. बिब्ब्याचा डाग कशानंही जात नाही. पण तो अंगावर उततोही. तिच्या पंज्यांना फोड आले. लिहायला ती स्वतःचे काटे उपटायची. रोज संध्याकाळी पाटी उतरवून घ्यायची, कोतवालाचं बोलणं ओळीनं ऐकून दुरुस्त करायची. आणि ती पानं ओढ्यापलीकडे, आपल्या नणंदेच्या बिळात नेऊन ठेवायची. एखाद्या दिवशी पिलवाडीलाच काही झालं, तर शेजारी ठेवलेली नक्कल काय कामाची?

नणंदेचं नाव वत्सला. ती मोठी होती आणि जिभेनंही सायाळच होती.

"आलात का वहिनी? या. माझ्या निजायच्या जागी तुमची पानं, बसायच्या जागी तुमची पानं. आता मी छताला उलटी लटकते, वटवाघळासारखी."

"थोडेच दिवस, वन्सं."

"पाठीला टक्कल पडायला लागलंय तुमच्या. माझ्या भावाला लोक विचारतात, बायको आजारी का? मी सांगते, आजारी नाही, हुशार आहे."

कुमुद आणखीही एक करायची. त्याची तर तिला फारच लाज वाटे. रोज ती आपल्याच नकलेची परीक्षा घ्यायची. डोळे मिटून एक पान काढायचं, वाचायचं, आणि पिलवाडीत जाऊन हळूच कान लावायचा. नकलेत अस्वल आहे, तर आत गुरगुर आहे का? आहे. मग तिचा एक काटा खाली बसायचा.

असे दिवस गेले आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला जंगलात हत्यारांची पूजा होते. ज्याचं जे काम करायचं साधन, त्याला हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि त्या दिवशी त्याला आराम द्यायचा. सुतारपक्ष्यानं चोच पुजली. रानडुकरानं सुळे पुजले. बजाबानं लाल गाठोडं पुजलं, त्याला तर वेगळा आराम द्यायची गरजच नव्हती. पिलवाडीतल्या लांडोरींनी सकाळीच ढोल्या सारवायला काढल्या आणि पिल्लं इकडची तिकडे हलवली. कोतवाल दुपारपर्यंत सगळं बोलत होता. मग त्याच्या चोचीला कुंकू लागलं आणि तो गप्प बसला.

शेवटी मोठा सोहळा. पाटीची पूजा! महाराज आले. हत्ती अप्पा आले. धनेशरावांनी भाषण केलं. "ही पाटी म्हणजे जंगलाची आठवण! तिला काय द्यावं? मी म्हणतो, जलाभिषेक!"

टाळ्या पडल्या. अप्पांनी ओढ्यावर जाऊन सोंड भरली.

कुमुद एक पाऊल पुढे आली. ओल्या मातीवर पाणी? ती ओरडणार होती. पण समोर महाराज, एवढे मोठे अप्पा. त्यांना कळत नसेल का? माझंच काहीतरी...

तेवढ्यात सोंड सुटली. सर्‌र्‌र्! पाटी वितळून खाली आली.

"अप्पा!" कुमुद किंचाळली.

अप्पांनी दारावरचा नियम वाचला. जे पाटीला, तेच जोडपाटीला. अप्पा नियम पाळणारे होते. ते पुन्हा ओढ्यावर गेले, सोंड भरून आणली आणि जोडपाटीलाही भक्तिभावानं अभिषेक केला.

तीनशे ढोल्या. चिखलाचे दोन ढीग. आणि समोर तीनशे आया.

"घाबरू नका!" धनेशराव म्हणाले. "गाठोडं आणा!" गाठोडं सोडलं. कोरं पान, कोरं पान, कोरं पान. बजाबा म्हणाला, "पण एकही दिवस चुकवला नाही, महाराज."

तेव्हा बिबटीण पुढे आली. तिनं ओठ चाटले. बहुतेक सवयीनं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी एकेका ढोलीत तोंड घालून बघते."

यमुना सशीण जागच्या जागी बेशुद्ध पडली. कुणी पाणी मारलं, ती उठली, बिबटिणीकडे बघितलं आणि पुन्हा पडली.

"थांबा!" कुमुद म्हणाली. आवाज तिचाच होता, हे तिलाही उशिरा कळलं. "माझ्याकडे नक्कल आहे. कालपर्यंतची. ओढ्यापलीकडे. मी आणते."

"लवकर आण," बिबटीण म्हणाली. "माझं पिल्लू भुकेलं असेल. मीही."

कुमुद धावली. ओढ्यात दोनदा घसरली. वत्सला बिळाच्या तोंडाशी बसली होती.

"वन्सं, पानं द्या! कालची!"

"का? आता कुठल्या नणंदेकडे नेताय?"

"पाटी गेली!"

वत्सलाबाईंनी पुढचा टोमणा गिळला. तो तसाच गिळलेला राहिला, अजून त्यांना त्याचा त्रास होतो म्हणतात. त्यांनी पानं काढली आणि दोघीही धावल्या.

पण पानं कालची होती. आज सकाळी लांडोरींनी पिल्लं हलवली होती. कोतवालाशिवाय गत्यंतर नव्हतं. सगळे त्याच्या फांदीखाली जमले. त्यानं चोचीकडे पंजा करून मान हलवली. आज आराम.

"अरे बोल ना रे मेल्या!" भागाबाई ओरडली. "एरवी थांबत नाहीस!"

कुमुदनं वर बघितलं. सणासुदीला घरी विळीची पूजा होते, तेव्हा भाजी काय दातांनी चिरतात? काहीतरी वाट असतेच.

"कोतवालभाऊ, कुंकू कुठल्या चोचीला लागलंय? वरच्या की खालच्या?"

कोतवालानं पंजानं वरची दाखवली.

"मग वरचीला आराम द्या. बोलताना हलते ती खालची. वरची कधी हलवता तरी का तुम्ही?"

कोतवालानं विचार केला. वरची चोच घट्ट स्थिर धरून त्यानं खालची हलवून पाहिली. आवाज नेहमीसारखाच आला. त्याचा आनंद काय सांगावा! दुपारपासून आत तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

कुमुद पान वाचायची, कोतवाल बदल सांगायचा, कुमुद काट्यानं दुरुस्त करायची.

"सतरामधला बोरू नव्वदात नेला!" कोतवाल म्हणाला.

कुमुदनं लिहिलं. नव्वद.

"बिबटिणीचं बाळ एकशे बारामधून नव्वदात आणलं, कारण ते चावायला लागलं!"

कुमुदचा काटा हातातच थांबला. नव्वद? त्याच ढोलीत? तिच्या अंगावरचे उरलेसुरले सगळे काटे ताठ झाले. शेजारच्या चार सशांना ते टोचले.

"पुढे सांगा," ती म्हणाली. "त्याच्या आधी काही राहिलं का?"

कोतवाल जरा ओशाळला. "हो. एक पुढेमागे झालं. बोरूला आधीच नव्वदातून दोनशे चारमध्ये हलवलं. चावरं येणार म्हणून."

"क्रमानं सांगा हो, क्रमानं!" वत्सलाबाई ओरडल्या. "गोष्ट सांगताय की जीव घेताय?"

सव्वीस बदल झाले. मग कुमुद एकेकीला ढोली सांगू लागली. स्वतःची तिनं शेवटी ठेवली, कारण समोरच्या काहींना भूक लागली होती आणि तिला अजून लागायची होती.

"बिबटीणबाई, नव्वद. माझं चुकलं असेल तर..."

"तर कळेलच," बिबटीण म्हणाली आणि नव्वदाव्या ढोलीत तोंड घातलं.

सगळं जंगल थांबलं. या वेळी शिंग वाजलं नव्हतं.

आतून चिडका आवाज आला, "आई, इतका उशीर?" आणि पिल्लानं आईच्या नाकाचा चावा घेतला. बिबटिणीला इतकं बरं वाटलं की तिनं शेजारच्या हरिणीला मिठीच मारली. हरिणीनं सावधपणे मारू दिली.

मग काय! तीन, चाळीस, एकशे बारा, दोनशे ऐंशी! आया धावत होत्या, पिल्लं बाहेर पडत होती, लांडोरी नाचत होत्या. यमुनेला तिचं पिल्लू मिळालं. भागाबाईलाही तिचं मिळालं. अप्पा चिखलात बसून आनंदानं रडत होते. त्यांच्या रडण्यानं चिखल आणखी पातळ झाला, पण आता कोण विचारतो?

दोनशे चारपाशी कुमुद पोचली तेव्हा तिच्यात धावायची ताकद उरली नव्हती. तिनं कान लावला. आतून आवाज येईना. काही क्षण तिला आपण शिकलेलं सगळं लिहिणं-वाचणं व्यर्थ वाटलं.

मग तिनं आत तोंड घातलं. बोरू झेंडूची पाकळी चावत बसला होता.

"आई, हत्ती मामानं पाटी का धुतली?" तो म्हणाला. "घाण होती का?"

दुसऱ्या दिवशी सभा भरली. धनेशराव म्हणाले, "महाराज, काल आमच्या नक्कल योजनेची प्रत्यक्ष परीक्षा झाली. तीनशेपैकी तीनशे पिल्लं सुखरूप. पूर्ण यश!" टाळ्या झाल्या. बजाबाला तीन महिने शाई वाचवल्याबद्दल नारळ मिळाला.

"आणि या सायाळीचं काय?" महाराजांनी विचारलं.

"गंभीर आहे," धनेशराव म्हणाले. "जंगलाची नोंद तिनं परवानगीशिवाय उतरवली. हद्दीबाहेर, नणंदेच्या घरी ठेवली. आणि सर्वांत वाईट म्हणजे रोज उघडून तपासली. तपासणं म्हणजे अविश्वास, महाराज."

महाराजांनी मिशा कुरवाळल्या. "कुमुद, तुला शिक्षा अशी. तू जी काळजी चोरून करतेस, ती यापुढे उघडपणे, रोज, न चुकता करायची. सुट्टी नाही."

"बरं," कुमुद म्हणाली. तिला हायसं वाटलं. नाहीतरी ती करणारच होती.

संध्याकाळी ती बोरूला घेऊन निघाली. पाठीवर पानांचं गाठोडं होतं. पण ओढ्याकडे न वळता ती डोंगराच्या वाटेनं वर चढू लागली.

"आई, आत्याकडे नाही जायचं?"

"आत्याकडे एक ठेवली. ही दुसरी मावशीकडे."

"का?"

"आत्याच्या बिळात पाणी शिरलं तर?"

बोरू थोडा वेळ चालला. मग थांबला. त्याच्या पाठीवरचे मऊ काटे एकेक करून, आयुष्यात पहिल्यांदाच, ताठ उभे राहिले.

"आणि मावशीकडेही पाणी शिरलं तर?"

कुमुद वाटेतच खाली बसली.

"हे," ती म्हणाली, "माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

तात्पर्य: मुलांनो, नक्कल कधीही उघडून पाहू नये. न उघडलेली नक्कल नेहमी बिनचूक असते, फांदीवर हिरवं पान डुलतं, राजा निवांत झोपतो आणि लिहिणाऱ्याला नारळ मिळतो. उघडून पाहणारीच्या हाती फक्त मूल लागतं.